शब्दचर्चा: ‘हीलिंग’ला गुण येईना

सायली_पुणे:
मैत्रीण थेरपिस्ट आहे. समुपदेशनाच्या जोडीला श्वासाचे व्यायाम, योगनिद्रा, थोडं ध्यान असं घेते. तिचं माहितीपत्रक मराठीत करतेय आणि ‘हीलिंग फॉर माइंड, बॉडी अँड स्पिरिट’ या ओळीवर अडलेय. मी ‘मन, शरीर आणि आत्मा स्वस्थ होण्यासाठी’ असं केलं. मुद्रितशोधक काकांनी ‘स्वस्थ’भोवती गोल काढून समासात लिहिलं, ‘हिंदी! मराठीत स्वस्थ म्हणजे गप्प.’ आत्म्यापुढे नुसतंच प्रश्नचिन्ह. खरंच चुकलं का?

वैद्य_मी_नाही:
काकांना सुश्रुत दाखवा. ‘प्रसन्नात्मेन्द्रियमनाः स्वस्थ इत्यभिधीयते.’ आत्मा, इंद्रियं, मन, सगळं एका ओळीत. तुमचं भाषांतर आयतं झालेलं आहे.

भाऊ_चिपळूण:
सुश्रुत संस्कृतात लिहीत होता. आमची आई ‘जरा स्वस्थ बसा रे मेल्यांनो’ म्हणायची तेव्हा तब्येतीची चौकशी करत नव्हती. ‘अस्वस्थ’ मात्र बोलण्यात मनाचाच. ताप आला तर कुणी अस्वस्थ झालो म्हणत नाही, मुलीचा फोन लागला नाही की होतो. काकांचं निम्मं बरोबर.

मंजिरी:
‘गुण येणे’ कुणालाच आठवू नये? बाळंतपणानंतर मला झोप लागेना. आजी रोज रात्री तळपायांना तेल लावून काशाची वाटी घासायची, तळवे काळे होईपर्यंत, आणि तोंडाने रामरक्षा. चौथ्या रात्री झोपले. सकाळी म्हणाली, ‘गुण आला हो.’ वाटीचा, तेलाचा, रामरक्षेचा की तिच्या हाताचा, मी विचारलं नाही. सायली, तुझी मैत्रीण वेगळं काय करते?

तिरकस:
फी घेते.

वैद्य_मी_नाही:
झोप न लागणं डॉक्टरला दाखवावं हेही पत्रकात छापा. बाळंतपणानंतरचं नैराश्य रामरक्षेने जात नाही.

मंजिरी:
दाखवलं होतं. गोळ्याही घेतल्या. वाटी जास्तीची होती.

अनुस्वार:
‘उपचार’ असताना ही शोधाशोध कशाला? ग्रीक ‘थेरपिया’ म्हणजे सेवा, देवाचीसुद्धा. आपला उपचारही षोडशोपचार पूजेतला, पाद्य-अर्घ्यासारखे १६. दोन्ही शब्द देवघरातून दवाखान्यात आले. मन आणि अध्यात्म एकत्र हवंय ना? मग घ्या.

भाऊ_चिपळूण:
व्युत्पत्ती झकास, पण उपचार दुसरा करतो. हीलिंग आतून होतं. जखम भरून येते, तसं.

मंजिरी:
आणि मन भरून आलं की रडू येतं! ‘मन भरून येण्यासाठी’ छापलं तर लोक रुमाल घेऊन येतील.

सायली_पुणे:
तिच्याकडे टिश्यूचा डबा टेबलावरच असतो, त्यामुळे फार चूक होणार नाही. पण स्पिरिटचं काय? ‘आध्यात्मिक’ लिहिलं की लोक विचारतात, महाराज कोण?

अनुस्वार:
जॉन कबाट-झिननेही १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या रुग्णालयात ध्यान नेलं ते धार्मिक शब्द बाजूला ठेवूनच. तुम्ही ‘अंतर्मन’ लिहा.

वैद्य_मी_नाही:
अंतर्मन मनातच आलं की. दोनदा मोजणार का?

तिरकस:
‘हीलिंग’च ठेवा. लोक ‘हीलिंग’च शोधत येतात. ‘गुण’ शोधणारा दहावीच्या निकालावर जाईल.

अनुस्वार:
‘दिनांक’ आणि ‘महापौर’लाही लोक हसलेच होते. आपण वापरलेच नाहीत तर शब्द रुळणार कसे?

तिरकस:
रुळले, पण वाढदिवसाची तारीखच असते, दिनांक नसतो.

पाली_प्रेमी:
उशिरा आलो. ‘थेरपी’ हा मुळात पाली ‘थेर’, म्हणजे ज्येष्ठ भिक्खू, यावरून आला असं माझं जुनं मत आहे. अलेक्झांड्रियाजवळ ‘थेराप्युटाय’ नावाचा पंथ होता, तिथल्याच फायलो या तत्त्वज्ञाने त्याबद्दल लिहिलंय.

अनुस्वार:
पंथ होता, पण नाव सरळ ग्रीक क्रियापदावरून आहे. वर लिहिलंय, वाचा.

भाऊ_चिपळूण:
थेर म्हणजे स्थविर, त्यावरून आपला ‘थेरडा’. मग ‘काय थेरं चाललीत’मधली थेरंही तिथलीच का?

तिरकस:
आमच्या सासूबाई थेरपीला थेरंच म्हणतात. व्युत्पत्ती सिद्ध.

पाली_प्रेमी:
हसा. थेराप्युटायवर वेगळा धागा काढतो.

सायली_पुणे:
पत्रक छापायला गेलं, ‘हीलिंग’सकट. काकांनी त्यावरही गोल काढलाय. आता आतल्या पानावरचं सांगा, ‘वी होल्ड स्पेस फॉर यू’.

भाऊ_चिपळूण:
‘आम्ही तुमच्यासाठी जागा धरतो.’ एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून.