मदत हवी आहे: ओकायामाच्या शाळाभेटीसाठी मुलांची तयारी

नमस्कार मंडळी. मी पुण्यातल्या एका शाळेत आठवी-नववीला शिकवते. येत्या ऑक्टोबरात आमची 12 मुलं जपानमधल्या ओकायामाला जाणार आहेत. तीन दिवस तिथल्या शाळेत वर्गात बसायचं आणि दोन रात्री जपानी कुटुंबांकडे राहायचं, असं ठरलंय. सिंहगड रस्त्यावरची आपली पु. ल. देशपांडे बाग ज्या कोराकुएन बागेवरून बेतली, ती 1700 साली पूर्ण झालेली मूळ बाग मुलांना बघायला मिळणार, याचं मला फार अप्रूप आहे.

शाळेच्या आत घालायचे वेगळे बूट, म्हणजे उवाबाकी, आणि मुलांनीच वर्ग झाडायचा-पुसायचा ही पद्धत आम्ही आत्तापासूनच करून बघतोय. परवा एका मुलीने फडकं घट्ट पिळून अख्खा व्हरांडा ओणव्याने पुसून काढला.

खरी अडचण जेवणाची आहे. पाच मुलं पूर्ण शाकाहारी आहेत. तिथे वर्गातच सगळ्यांना एकसारखं जेवण वाढतात, आणि नुसत्या भाजीचं वाटणाऱ्या सूपमध्येही बहुतेक वेळा माशाची दाशी, म्हणजे उकळून काढलेला अर्क, असते. मुलांनी घरून डबा नेलेला चालतो का? यजमान कुटुंबाला वाईट न वाटता हे आधी कसं कळवावं? आणि त्यांना भेट काय न्यावी, नऊवारीतल्या बाहुल्या की पैठणीच्या कापडाचे बटवे?

कोणाची मुलं जाऊन आली असतील, किंवा कोणी तिकडे राहत असेल, तर कृपया सविस्तर लिहा. शनिवारी पालकसभा आहे.