टर्बो पास्कलमधील ‘वाघबकरी’ आणि १९९७ चे खेळ विंडोज ११ वर कसे चालवावेत?

जांबोटीकर

नमस्कार. खानापूर तालुक्यातील आमच्या जुन्या घराच्या माळ्यावर पत्र्याची एक ट्रंक आहे. माझा थोरला भाऊ बेळगावात संगणकाची पदविका करत असताना, म्हणजे १९९६ ते १९९८ या काळात, त्याने जमवलेल्या फ्लॉप्या आणि सीडी तिच्यात आहेत. जांबोटी-कणकुंबीकडचा पाऊस ज्यांनी अनुभवला आहे त्यांना त्या फ्लॉप्यांची अवस्था वेगळी सांगायला नको. निम्म्यांच्या आतील चकतीवर बुरशीचे पांढरे ठिपके उठले होते. त्या बाजूला ठेवल्या आणि उरलेल्यांतील फाइली यूएसबीला जोडायच्या फ्लॉपी ड्राइव्हमधून लॅपटॉपवर उतरवून घेतल्या. लॅपटॉप यंदाच घेतलेला असून त्यावर विंडोज ११ आहे.

प्रिन्स ऑफ पर्शिया सुरू करायला गेलो की हे अ‍ॅप या पीसीवर चालू शकत नाही, अशा अर्थाचा संदेश येतो. मोटारशर्यतीच्या एका सीडीवरील सेटअपचेही तेच. कम्पॅटिबिलिटीच्या यादीत विंडोज ९५ पासून जे जे दिसले ते ते निवडून पाहिले, परंतु फरक पडला नाही. प्रिन्सचा प्रश्न डॉसबॉक्सने, म्हणजे विंडोजपूर्वीच्या डॉस प्रणालीच्या संगणकाची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरने, सोडवला. मात्र ज्यासाठी हा सगळा खटाटोप केला तो खेळ, म्हणजे भावाने स्वतः टर्बो पास्कल या प्रोग्रामिंगच्या साधनात लिहिलेली वाघबकरी, डॉसबॉक्समध्येही चालत नाही. ‘रनटाइम एरर २००’ एवढी ओळ उमटते आणि पुन्हा रिकामा प्रॉम्प्ट. एका व्हिडिओत सांगितल्याप्रमाणे डॉसबॉक्सच्या सेटिंगमध्ये सायकल्स, म्हणजे नकली प्रोसेसरचा वेग, ‘मॅक्स’ केल्या आहेत, त्यामुळे वेग कमी पडत असेल असे वाटत नाही. शहरातील एका दुकानात विचारले तेव्हा फ्लॉपीवरच फाइल खराब झाली असणार, असे उत्तर मिळाले. ती खरोखरच गेली आहे का? भाऊ गणपतीला मस्कतहून येणार आहे आणि त्याला मी यातले अजून काहीच सांगितलेले नाही.

निपाणी दुरुस्ती

मी दुरुस्तीच्या कामातला माणूस आहे, पास्कल मला येत नाही, त्यामुळे वाघबकरीचे उत्तर जाणकारांवर सोपवतो. बाकीच्या दोन्हींचे मूळ मात्र एकच आहे.

डॉसचे खेळ आणि विंडोज ३.१ च्या काळातील कार्यक्रम हे १६ बिटांचे असत. ३२ बिटांच्या विंडोजमध्ये त्यांच्यासाठी एक वेगळा विभाग ठेवलेला होता. आजचा प्रोसेसर ६४ बिटांच्या पद्धतीत काम करू लागला की जुन्या ८०८६ प्रोसेसरची नक्कल करण्याची त्याची सोय बंद होते, आणि ६४ बिटांच्या विंडोजमधून मायक्रोसॉफ्टने तो विभागही वगळला. विंडोज ११ तर केवळ ६४ बिटांतच मिळते. कम्पॅटिबिलिटीची यादी इथे कामाला येत नाही, कारण ती कार्यक्रमाला फक्त ‘तू विंडोज ९८ वर आहेस’ असे सांगून गप्प बसवते. जे यंत्रच उरले नाही ते ती कुठून आणणार? डॉसबॉक्स मात्र सगळा जुना संगणकच, प्रोसेसर आणि साउंड कार्डासकट, सॉफ्टवेअरमध्ये उभा करतो, म्हणून तिथे प्रिन्स धावला.

शर्यतीच्या खेळाचे नाव आपण लिहिले नाही, तरी लक्षण ओळखीचे आहे. त्या वर्षांतील बऱ्याच सीडींवर खेळ ३२ बिटांचा आणि त्याचा सेटअप तेवढा १६ बिटांचा असे. उंबरठ्यावरच अडखळल्यामुळे खेळ चालत नाही असा समज होतो. विंडोजवर ‘वाइनव्हीडीएम’ नावाचे एक मोफत सॉफ्टवेअर बसवता येते. ते विंडोजच्या १६ बिटांच्या कार्यक्रमांना ६४ बिटांच्या विंडोजवर चालवते. त्याच्यामार्फत सेटअप चालवून पाहा. खेळ ‘प्रोग्राम फाइल्स’मध्ये बसवू नका, सी ड्राइव्हवर साधा ‘गेम्स’ फोल्डर करा. हे जुने खेळ जतन केलेला डाव आपल्याच फोल्डरमध्ये लिहू पाहतात आणि आजची विंडोज ‘प्रोग्राम फाइल्स’मध्ये त्यांना तसे करू देत नाही.

यानंतर खेळ सुरू झाला आणि ‘योग्य सीडी घाला’ असे म्हणत अडून बसला, तर तो निराळा आजार समजावा. २००० च्या आसपासच्या पुष्कळ खेळांत सीडीची नक्कल होऊ नये म्हणून सेफडिस्क नावाचे कुलूप असे, आणि त्याची किल्ली विंडोजच्या गाभ्यातील एका ड्रायव्हरकडे असे. त्या ड्रायव्हरमध्ये सुरक्षेचा दोष असल्याने २०१५ च्या सप्टेंबरमधील अपडेटने तो विंडोज व्हिस्टा, ७ आणि ८ वर बंद केला. विंडोज १० मध्ये तो चालतच नाही. मग सीडी कितीही अस्सल असो. अशा वेळी लोक इंटरनेटवरून ‘क्रॅक’ उतरवतात आणि दोन दिवसांनी लॅपटॉप माझ्या टेबलावर येतो. त्यापेक्षा खेळ पुन्हा विक्रीला आलेला असेल तर तो विकत घ्यावा. जीओजी या खेळ विकणाऱ्या संकेतस्थळावर जुने खेळ कुलपाशिवाय मिळतात आणि डॉसच्या अनेक खेळांसोबत डॉसबॉक्सही जोडून येतो.

टिळकवाडी प्रयोगशाळा

फाइल खराब झालेली नाही. उलट ‘रनटाइम एरर २००’ दिसते आहे, याचा अर्थ कार्यक्रम सुरू होतो आहे आणि स्वतःची पहिली काही कामे करतो आहे. तुटलेली फाइल इतक्या शिस्तीत चूक सांगत नाही. मी त्या काळात पास्कलचे तास घेत असे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

टर्बो पास्कलमध्ये पडद्यावर मजकूर, रंग आणि विलंब यांसाठी ‘सीआरटी’ नावाचे युनिट वापरत. ठरावीक मिलिसेकंद थांबायचे तर आपला संगणक किती वेगवान आहे हे त्याला आधी ठाऊक हवे. म्हणून कार्यक्रम सुरू होताक्षणी ते युनिट घड्याळाच्या एका ठोक्यात, म्हणजे सुमारे ५५ मिलिसेकंदांत, एक रिकामे आवर्तन किती वेळा पूर्ण होते ते मोजते आणि त्या संख्येला ५५ ने भागते. उत्तर १६ बिटांत मावले पाहिजे, म्हणजे ६५,५३५ च्या आत राहिले पाहिजे. त्या वेळच्या यंत्रांवर ते सहज मावत असे. पुढे पेंटियम २ च्या पिढीत यंत्रे इतकी वेगवान झाली की उत्तर मावेनासे झाले, प्रोसेसरने भागाकारातील चूक म्हणून हात वर केले आणि पास्कलने ती ‘शून्याने भागाकार’ या नावाखाली, २०० क्रमांकाने, दाखवली. प्रत्यक्षात शून्याने कोणी भागलेलेच नसते.

आपण सायकल्स ‘मॅक्स’ केल्या, म्हणजे नकली संगणकाला आजच्या प्रोसेसरचा शक्य तेवढा सगळा वेग दिलात आणि नेमकी तीच परिस्थिती ओढवून घेतली. डॉसबॉक्सच्या सेटिंग फाइलमध्ये ‘सीपीयू’ या शीर्षकाखाली सायकल्सची किंमत ३००० अशी ठरावीक लिहा. खेळ संथ वाटला तर कंट्रोल आणि एफ१२ दाबून वेग वाढवता येतो, कंट्रोल आणि एफ११ ने कमी होतो. लॅपटॉपवर सोबत एफएन हे बटणही दाबावे लागेल.

जांबोटीकर

मॅडम, २०० ची चूक गेली! पडदा क्षणभर काळा झाला आणि आता दुसरी ओळ येते आहे: ‘डिव्हाइस ड्रायव्हर फाइल नॉट फाउंड’ आणि कंसात ‘ईजीएव्हीजीए.बीजीआय’. वाघबकरीच्या फ्लॉपीवर या नावाची फाइल नाही. मात्र ‘प्रॅक्टिकल २’ असे लिहिलेल्या दुसऱ्या एका फ्लॉपीवर ती आहे, ती उतरवून खेळाच्या शेजारी ठेवली तरीही तेच उत्तर येते.

टिळकवाडी प्रयोगशाळा

फाइल सापडली हे उत्तम झाले, कारण चित्रे काढायचे काम तीच करते. आता ती कुठे ठेवायची एवढेच पाहायचे आहे. विद्यार्थी बहुतेक वेळा प्रयोगशाळेतील संगणकावरचा पत्ता जसाच्या तसा कार्यक्रमात लिहीत असत, आणि कार्यक्रम तो पत्ता आजही शोधतो. खेळाच्या ईएक्सई फाइलची एक प्रत करा आणि ती प्रत नोटपॅडमध्ये उघडा. निरर्थक चिन्हांचा सडा दिसेल. त्यात ‘बीजीआय’ ही इंग्रजी अक्षरे शोधा. त्यांच्या मागे कुठला मार्ग लिहिला आहे ते पाहा आणि काहीही जतन न करता नोटपॅड बंद करा. जो फोल्डर डॉसबॉक्समध्ये सी ड्राइव्ह म्हणून माउंट करता, त्याच्या आत अगदी त्याच नावांचे फोल्डर तयार करून ती फाइल तिथे ठेवा.

चिकोडी लिनक्स

वरील उत्तरांत भर घालण्यासारखे थोडेच आहे. घरात लिनक्सचा संगणक असेल तर विंडोजचे १६ बिटांचे सेटअप त्यावर वाइन या विंडोजचे कार्यक्रम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधून चालतात, ६४ बिटांच्या लिनक्सवरसुद्धा. म्हणजे विंडोजचा जुना खेळ विंडोजवर अडतो आणि लिनक्सवर बसतो, अशी गंमत पाहायला मिळते.

दुसरे सीडीविषयी. नव्या लॅपटॉपला सीडी ड्राइव्ह नसतो, म्हणून बहुतेक जण मित्राच्या यंत्रावर सीडीची आयएसओ, म्हणजे एकाच फाइलीतील नक्कल, करून आणतात. त्या काळातील शर्यतींच्या बऱ्याच खेळांचे संगीत मात्र गाण्यांच्या सीडीसारखे वेगळ्या ऑडिओ ट्रॅकमध्ये असे, आणि आयएसओमध्ये ते ट्रॅक उतरत नाहीत. खेळ चालतो, पण मुका. नक्कल करायचीच तर ती बिन आणि क्यू या जोडीच्या स्वरूपात करावी.

जांबोटीकर

नोटपॅडमध्ये ‘सी, टीपी, बीजीआय’ असा मार्ग मिळाला. त्याप्रमाणे फोल्डर केले आणि वाघबकरी उघडली. निळ्या पटावर पांढऱ्या रेघा, तीन वाघ, पंधरा बकऱ्या आणि वर ‘वाघबकरी’ हे शीर्षक. देवनागरी टंक त्याच्याकडे नव्हता, त्याने एकेक अक्षर रेघा ओढून बसवले आहे. ‘क’ चा पोटातला गोल आठ तुकड्यांचा आहे, जवळून पाहिले तर मोजता येतो. सायकल्स ३००० वर वाघाला विचार करायला बराच वेळ लागत होता, ८००० केल्यावर बरे वाटते. वाघ कोपऱ्यात असला की तो एका उडीत दोन बकऱ्या खातो, जे आमच्या गावच्या नियमात बसत नाही. ही चूक आहे की त्याने मुद्दाम ठेवले आहे, ते त्यालाच विचारावे लागेल.

शर्यतीचा सेटअप वाइनव्हीडीएममधून पूर्ण झाला आणि खेळ सुरूही होतो, पण चिकोडीकरांनी लिहिल्याप्रमाणे संगीत नाही, कारण मीही आयएसओच करून आणली होती. रविवारी मित्राकडे जाऊन बिन आणि क्यू करून आणतो. बुरशी आलेल्या सात फ्लॉप्या अजून तशाच आहेत. त्यांतील एकीवर भावाच्या अक्षरात ‘वाघ सोर्स’, म्हणजे बहुधा खेळाचा मूळ कोड, असे लिहिलेले आहे. निपाणीकर, ती ड्राइव्हमध्ये घालण्यापूर्वी काय करावे?

निपाणी दुरुस्ती

तशीच घालू नका. बुरशी ड्राइव्हच्या हेडला चिकटते आणि मग चांगल्या फ्लॉप्याही वाचता येत नाहीत. पत्र्याची झडप सरकवून आत किती डाग आहेत त्याचा फोटो आधी इथे टाका. तोवर ती कोरड्या डब्यात ठेवा आणि उन्हात वाळवायचा मोह आवरा.