सफरचंदाची स्कॅबविरुद्धची प्रतिकारशक्ती: जनुक नेमके काय करते?

प्रश्न – अंकुर
शेजारी शेजारी उभ्या असलेल्या दोन वाणांपैकी एकाच्या पानाफळांवर स्कॅब या बुरशीजन्य रोगाचे मखमली, काळपट हिरवे डाग पडतात, तर दुसऱ्याची पाने त्याच पावसात आणि त्याच फवारणीत स्वच्छ राहतात. हा फरक जनुकांमुळे असतो, एवढे वाचनात आले आहे. परंतु जनुक प्रत्यक्षात करते काय, हे कृपया कोणी समजावून सांगेल का? शिवाय, प्रतिकारक खुंटावर रोगाला बळी पडणाऱ्या वाणाचे कलम बांधले, तर खुंटाची ती शक्ती वरच्या पानांत उतरते का?

उत्तर – पर्णरेखा
खुंटाचा प्रश्न लवकर सुटतो. कलमाच्या फांदीतील प्रत्येक पेशीत तिच्या स्वतःच्या वाणाचीच जनुके असतात, त्यामुळे खुंटातील स्कॅबविरोधी जनुक वरच्या पानांत येत नाही. खुंटामुळे झाडाची उंची, जोम यांसारखे गुण बदलतात.

स्कॅबची बुरशी, व्हेंच्युरिया इनइक्वॅलिस, ओल्या पानावर रुजते, वरचे मेणचट आवरण भेदते आणि त्याच्या खाली, पण पेशींच्या बाहेरच पसरत जाते. पूर्वी 'व्हीएफ' आणि आता 'आरव्हीआय ६' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जनुकामुळे पेशीच्या पटलावर एक ग्राही प्रथिन, म्हणजे बुरशीची खूण ओळखणारे प्रथिन, तयार होते. त्याला बुरशीची चाहूल लागली की आसपासच्या पेशी बचावाची तयारी करतात आणि काही पेशी स्वतःहून मरतात. त्यामुळे असे वाण भिंगाखाली अगदी निष्कलंक दिसेलच असे नाही. बुरशी जिथे अडवली गेली तिथे पिवळट किंवा करपलेले बारीक ठिपके राहतात.

हे जनुक मॅलस फ्लोरिबंडा या लहान फळांच्या, शोभेच्या सफरचंदातून आले. संशोधक क्रँडॉल यांनी अमेरिकेतील इलिनॉय येथे १९१४ मध्ये त्याचा 'रोम ब्यूटी' या सफरचंदाच्या वाणाशी संकर केला होता. त्या संततीच्या प्रतिकारशक्तीचे मोल १९४० च्या दशकात ओळखले गेले आणि हे जनुक असलेले 'प्रिमा' हे वाण प्रसारित व्हायला १९७० साल उजाडले. बियांपासूनचे रोप फळावर यायलाच कित्येक वर्षे जातात, आणि रानटी पूर्वजाचे बारीक, आंबट फळ मागे सारण्यासाठी चांगल्या वाणांशी पिढ्यानपिढ्या संकर करावा लागतो. पुढे हेच जनुक जैवतंत्रज्ञानाने 'गाला' या रोगाला बळी पडणाऱ्या वाणात घातले, तेव्हा ते वाणही प्रतिकारक झाले; ते प्रयोग २००४ मध्ये प्रसिद्ध झाले.

अंकुर
आपले मनःपूर्वक आभार. मग हे एक जनुक पुरेसे आहे, असे समजावे का?

उत्तर – वृक्षमित्र
तसे समजू नये, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. जर्मनीतील आरेन्सबुर्ग येथे १९८० च्या दशकातच या जनुकाला न जुमानणारी बुरशी आढळली. प्रतिकार एका खुणेच्या ओळखीवर उभा असेल आणि बुरशीने ती खूणच बदलली, तर जनुक शाबूत असूनही निरुपयोगी ठरते. त्यातच कलमांची बाग म्हणजे एकाच जनुकसंचाची शेकडो झाडे, तीही दशकानुदशके जागेवर उभी. उलट बुरशी दर हिवाळ्यात गळलेल्या पानांत लैंगिक प्रजनन करून नव्या जोडण्या घडवते. ही शर्यत मुळातच विषम आहे.

म्हणून आता एका वाणात दोन-तीन वेगवेगळी प्रतिकारक जनुके एकत्र आणली जातात. यात अडचण अशी, की एक जनुक असलेले रोप आणि तीन जनुके असलेले रोप बाहेरून सारखेच निरोगी दिसते. त्यामुळे कोवळ्या पानाच्या तुकड्यातून डीएनए चिन्हके, म्हणजे त्या त्या जनुकाची ओळख पटवणाऱ्या डीएनएतील खुणा, तपासूनच निवड करावी लागते. बागेत प्रतिकारक वाण असले, तरी गळलेली पाने गोळा करून नष्ट करावीत आणि संसर्गाच्या ऐन काळातील मोजकी फवारणी सोडू नये. त्यामुळे जनुकाचे आयुष्य वाढते.

उत्तर – हरितपर्ण
एक पुरवणी. भुरी या पानांवर पांढरी भुकटी आणणाऱ्या दुसऱ्या बुरशीजन्य रोगाच्या बाबतीत उलट वाटही आहे. झाडाची 'एमएलओ' गटातील काही जनुके भुरीच्या बुरशीला पेशीत शिरायला मदतच करतात. बार्लीत असे जनुक निकामी झाले की भुरीला दीर्घकाळ टिकणारा प्रतिकार मिळतो, आणि सफरचंदातही या गटातील काही जनुकांचे कार्य मंदावल्यावर भुरी कमी झाल्याचे प्रयोगांत दिसले आहे. मात्र ही जनुके झाडाची इतर कामेही करतात. बार्लीत त्यामुळे पानांवर रोगाविनाच ठिपके येऊ शकतात. सफरचंदात या गटाची अनेक जनुके आहेत, त्यांतील नेमके कोणते थांबवायचे आणि त्याचा वाढीवर काय परिणाम होतो, हे दीर्घायुषी झाडात कित्येक हंगाम पाहूनच ठरवावे लागते.