न्यूकॅसल विकायला तेरा वर्षं लागली ती पब्लिकमुळं? हिशेबनीस, हे पटलं नाही

पार्कगॅलरी
काल हिशेबनीसांनी लिहिलं की स्पोर्ट्स डायरेक्ट दुकानवाल्या माइक ॲशलीला न्यूकॅसल युनायटेड हा इंग्लंडातला फुटबॉल क्लब लवकर विकता आला नाही आणि भाव पडला त्याला जबाबदार तिथली पब्लिक, म्हणजे क्लबचे चाहते. पैसा त्याचा, दुकान त्याचं, आणि दारात रोज बोंबाबोंब असल्यावर गिऱ्हाईक आत येणार कसं, असं म्हणणं. खाली बऱ्याच जणांनी अंगठे पण दिलेत. शिअररच्या काळापासून हा क्लब बघतोय मी, त्यामुळं गप बसणं जमणार नाही, लांबलं तर लांबू द्या.

त्या माणसानं २००७ ला क्लब घेतला १३४ दशलक्ष पौंडाला आणि घेताना वह्या धड तपासल्या नाहीत. मालकी बदलली की स्टेडियमवरचं कर्ज लगेच फेडायचं अशी अट होती ती त्याला नंतर कळली. आपल्याकडं जुना यंत्रमाग घेणारा माणूस सुद्धा आधी लाइटबिलाची थकबाकी विचारतो. यात पब्लिक कुठून आली?

२००८ च्या जानेवारीत केव्हिन कीगनला प्रशिक्षक म्हणून परत आणलं, सगळं शहर खूश, आणि सप्टेंबरात कीगन सोडून गेला कारण त्याला न विचारता परस्पर खेळाडू आणले जायला लागले. पुढं लवादानं पण कीगनच्या बाजूनं निकाल दिला, २० लाख पौंड द्यायला लावले. पब्लिक चिडली ती यावर. तेव्हा पहिल्यांदा क्लब विक्रीला निघाला, डिसेंबरात परत आत. २००९ ला क्लब खालच्या डिव्हिजनला गेला, परत विक्रीला, भाव १०० दशलक्ष. ऑक्टोबरात परत नाही विकायचा, आणि वर सेंट जेम्स पार्कच्या नावात स्वतःच्या दुकानाचं नाव घुसवलं. २०११ ला तर जुनं नाव काढूनच टाकलं, स्पोर्ट्स डायरेक्ट अरीना. १८९२ पासून क्लब त्या मैदानावर खेळतोय ओ. हा ॲशली तेव्हा कुठं होता?

आणि भाव पडला म्हणता ना, तर ऐका. २०१७ ला परत विक्रीला काढला, २०२० च्या एप्रिलमधे सौदीच्या सरकारी फंडाबरोबर ३०० दशलक्षाला सौदा ठरला, जुलैत सौदीवाले मागं सरले आणि शेवटी ७ ऑक्टोबर २०२१ ला साधारण ३०५ ला गेला. कुठं पडला भाव? तो सौदा दीड वर्ष अडकला तो प्रीमियर लीगच्या टेबलावर, क्लब सौदी सरकार चालवणार का या प्रश्नावर, आणि तिकडं मॅचेस चोरून दाखवतात म्हणून बीइन स्पोर्ट्स या कतारच्या चॅनेलनं जी तक्रार केली होती त्यावर. पब्लिक उलट सौदा व्हावा म्हणून सह्या गोळा करत होती!

हिशेबनीस
पार्कगॅलरी, तारखा तुमच्या पाठ आहेत मान्य, पण हिशेब अर्धाच मांडलात. १३४ मधे तुम्ही उधारी धरलीच नाही. ॲशलीनं क्लबला शंभर दशलक्षाच्या वर बिनव्याजी दिले होते. बिनव्याजी! सोलापुरात सख्खा मेव्हणा देत नाही. म्हणजे सव्वादोनशेच्या वर गुंतलेले, आणि मधल्या काळात प्रीमियर लीगचा टीव्हीचा पैसा कुठल्या कुठं गेला, त्यामानानं ३०५ हा काय लई मोठा भाव नाही.

आणि गिऱ्हाईक बिथरतं म्हणजे काय ते मी भोगलंय. माझा नवी पेठेतला गाळा विकायला काढला होता, पार्टी ठरली, विसार द्यायची तारीख ठरली, आणि शेजारच्या दोघांनी नुसतं पसरवलं की जागेवर वाद आहे. कसला वाद, काही नाही. पार्टी फोन उचलेना. पुढं तोच गाळा किती कमीत द्यावा लागला ते मी इथं लिहीत नाही, घरात अजून बोलणी खातोय. गोंगाटानं सौदा मोडतो, हे मला पुस्तकातून शिकायची गरज नाही.

रेडडेव्हिल_सातरस्ता
तुम्ही ॲशलीवर रडायलाय, आम्हाला विचारा की. ग्लेझर लोकांनी २००५ ला मँचेस्टर युनायटेड घेतला तो कर्ज काढून आणि ते कर्ज टाकलं क्लबच्याच डोक्यावर. ज्याला विकत घेतला त्यानंच हप्ते फेडायचे! ॲशलीनं निदान स्वतःच्या खिशातून दिले. २०२२ च्या नोव्हेंबरात म्हणाले विकायचं बघू, सव्वा वर्ष ताणलं, कतारचा शेख जासिम सगळा क्लब घ्यायला तयार होता तर ते नाही, उद्योगपती रॅटक्लिफला २७.७ टक्के दिले आणि स्वतः बसलेत तिथंच. ओल्ड ट्रॅफर्डचं छप्पर गळायलंय अजून. मे २०२१ ला पब्लिक मैदानात घुसली, लिव्हरपूलची मॅच रद्द झाली त्या दिवशी, तरी ढिम्म.

पार्कगॅलरी
भावा तुझं दुःख कळतंय पण प्रत्येक धाग्यात छप्पर आणू नको.

हिशेबनीस, गाळ्याचं वाईट झालं, पण तिथं शेजाऱ्यांनी खोटं पसरवलं. इथं पब्लिक खोटं काय बोलली सांगा. क्लब दोनदा खाली गेला, २००९ आणि २०१६, खोटं? बेनिटेझसारखा प्रशिक्षक हातचा घालवला, खोटं? २०१९ च्या शेवटी लोक पासच घेईनात म्हणून दहा हजार अर्ध्या सीझनचे पास फुकट वाटायची पाळी आली. न्यूकॅसलात, जिथं बावन्न हजाराचं स्टेडियम दुसऱ्या डिव्हिजनला असताना पण भरायचं.

जुळेसोलापूरकरीण
दोघांचं वाचलं. पार्कगॅलरी दादा, मला एक सांगा, हीच तुमची नीतिमान पब्लिक ७ ऑक्टोबरला काय करत होती? स्टेडियमबाहेर डोक्याला टॉवेल गुंडाळून नाचत होती. क्लबला विनंती करावी लागली की बाबांनो असला अरबी वेष करून येऊ नका. सौदीचे पत्रकार जमाल खशोगींना मारून तीनच वर्षं झाली होती. दुकानाचं नाव स्टेडियमला दिलं तर जीव जातो आणि ज्या राजवटीनं पत्रकाराला वकिलातीत बोलवून संपवलं तिच्या फंडाला ८० टक्के क्लब गेला तर नाच. म्हणजे त्यांना वाईट मालकाचा राग नव्हताच, कंजूष मालकाचा होता.

माझा नवरा पण न्यूकॅसलवाला आहे, २०२५ ला लीग कप जिंकला तेव्हा घरात पेढे आले. मी नाही खाल्ला.

पार्कगॅलरी
ताई, टॉवेल गुंडाळणाऱ्यांची बाजू मी घेणार नाही. पण सगळे नाचत नव्हते, तिथल्याच काही चाहत्यांनी त्या मालकीविरुद्ध गट काढलाय, प्रत्येक मोसमात बोलतात ते. आणि गिऱ्हाईक निवडलं ते ॲशलीनं. पब्लिकला सहीचा अधिकार होता कुठं? म्हणूनच म्हणतो जर्मनीसारखं पाहिजे, ५०+१. मतांचा मोठा वाटा सभासदांकडं. मालकाला वाटलं म्हणून परस्पर क्लब विकता येणार नाही.

मंगळवेढेकर
सभासद! आलं का शेवटी. मी इतका वेळ गप होतो.

पार्कगॅलरी, तुम्ही शहरातले, तुम्हाला सभासद म्हणलं की लोकशाही दिसती. माझ्या आजोबांनी दोन बैलांपैकी एक विकून साखर कारखान्याचा शेअर घेतला होता. तो दाखला आमच्या देव्हाऱ्याशेजारी काचेत लावलेला आहे अजून, कडा पिवळ्या पडल्यात. कारखाना आमचा, मालक आम्ही, असं ऐकत मोठा झालो. वार्षिक सभेला मी आजोबांसोबत जायचो. मांडव, माइक फक्त स्टेजवर, अहवालाचं पान उलटायच्या आत पुढच्या रांगेतले मंजूर मंजूर ओरडायचे आणि विषय क्रमांक सात येईपर्यंत मागं पंगत बसलेली असायची. एका म्हाताऱ्यानं ताळेबंद विचारला तर त्याला दोघांनी दंडाला धरून भाताच्या रांगेत नेऊन बसवला. डोळ्यानं बघितलंय मी.

पुढं बँकेनं कारखाना लिलावात काढला. घेणारा खाजगी. आमचा शेअर शून्य. मालक वीस हजार होते आणि विकताना एकाला पण विचारलं नाही. सभासदांची मालकी मला सांगू नका.

गिरणीचा_पोरगा
मंगळवेढेकर, मग खाजगी मालकाचं मी सांगू? वडील मिलला. पाळीचा भोंगा झाला की आमच्या चाळीत चहा ठेवायचे. मालकानं विकायचा प्रयत्न केला, गिऱ्हाईक मिळंना, मशिनरी तशीच गंजू दिली आणि एके दिवशी गेटला नोटीस. घेणं मिळवायला वडिलांनी कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या, मिळालं तेव्हा त्यांचा दमा इतका वाढला होता की सगळं दवाखान्यातच गेलं. आईनं विड्या वळून आम्हाला शिकवलं. तुमचा निदान शेअर तरी होता, नावाला का होईना. आमच्याकडं फक्त बिल्ला नंबर.

फुटबॉलमधे पण बघा की, इंग्लंडातला बरी (Bury) नावाचा क्लब एका माणसानं एक पौंडाला घेतला २०१८ ला आणि पुढच्या ऑगस्टला लीगमधून हाकलला गेला. १८८५ चा क्लब. मालक एकच होता तिथं, सभासद नव्हते.

मंगळवेढेकर
बिल्ला नंबरवर निदान कोर्टात उभं राहता येतं. आम्ही मालक होतो म्हणून कर्ज पण आमच्याच नावावर मांडलं. वडिलांचं वाईट झालं त्याबद्दल काही म्हणायचं नाही मला, पण तुम्ही म्हणायलाय की सहकार बरा, तर तुम्हाला त्यातलं ओ का ठो माहीत नाही.

गिरणीचा_पोरगा
सहकार बरा असं कुठं म्हणलो बे मी? वर वाच. आणि मंजूर मंजूर ओरडणारे कोण होते? गावचेच ना? दर पाच वर्षांनी त्याच पॅनेलला मतं कुणी दिली? गाडी आली की बसून जायचं, जेवायचं, शिक्का मारायचा आणि मग चाळीस वर्षांनी इथं येऊन सहकाराला शिव्या.

मंगळवेढेकर
तोंड सांभाळून. आमच्या घरानं विरोधात मत दिलं म्हणून दोन हंगाम ऊसतोड टोळी आमच्या रानात आली नाही. ऊस वाळून तुरा आला, शेवटी पेटवून दिला. तुम्ही शहरात बसून मतांच्या गोष्टी सांगता.

हिशेबनीस
मंगळवेढेकरांना पूर्ण पाठिंबा. आणि हे फक्त आपल्याकडं नाही. बार्सिलोना सभासदांचाच क्लब ना? अब्ज युरोच्या वर कर्ज करून ठेवलं आणि २०२१ ला मेस्सीला सोडावं लागलं. निवडणूक जिंकायची म्हणून प्रत्येक अध्यक्ष खेळाडू आणायचं आश्वासन देतो, बिल पुढच्याच्या नावावर. एकटा मालक असला की चुकला तर त्याचं स्वतःचं जातं.

रेडडेव्हिल_सातरस्ता
ग्लेझरचं काय गेलं मग? एक रुपया?

पार्कगॅलरी
बरोबर विचारलास. आणि ॲशलीचं काय गेलं? त्याच्या दुकानाच्या पाट्या वर्षानुवर्षं स्टेडियमभर, जगभर टीव्हीवर. चुकला तर क्लब खाली जातो, मालकाचं फक्त कमी होतं.

मंगळवेढेकर, तुमचा राग कळतो, पण तुम्ही सांगितलं त्यात दोष सभासद असण्याचा दिसत नाही मला. टोळी, बँक, माइक सगळं एकाच माणसाच्या हातात होतं, त्याचा आहे. जर्मनीत २०२३ च्या डिसेंबरात लीगनं टीव्ही हक्काच्या कंपनीत गुंतवणूकदार घ्यायचं ठरवलं, अब्ज युरोपर्यंतचा सौदा, तर लोकांनी आठवड्यामागं आठवडे मैदानात टेनिस बॉल फेकले, मॅचेस थांबल्या, आणि २०२४ च्या फेब्रुवारीत लीगनं सौदा गुंडाळला. तिथं पब्लिकला माइक आहे.

मंगळवेढेकर
टेनिस बॉल फेकणारा दुसऱ्या दिवशी त्याच्या कामावर जातो. त्याचा ऊस कुणाच्या टोळीवर अवलंबून नाही. हा फरक तुम्हाला दिसंना आणि तरी लिहायलाय.

जुळेसोलापूरकरीण
हे मात्र खरंय.

पण सगळे जर्मनी आणि बार्सिलोना करताय, आपल्याकडं बघा ना. एफसी पुणे सिटी बंद पडली, २०१९ ला तिची जागा हैदराबादला गेली. रातोरात शहराला संघ नाही. पुण्याच्या लोकांना कुणी विचारलं? पुण्याच्याच व्यंकीजनं २०१० ला इंग्लंडातला ब्लॅकबर्न क्लब घेतला, २०१२ ला क्लब खाली गेला, पब्लिकनं मैदानात कोंबडी सोडली, आणि मालकी आजही तिकडंच. ज्याला क्लब विकायचा नाही त्याला पब्लिक हलवू शकत नाही, ज्याला विकायचाय त्याला थांबवू पण शकत नाही. मग या सगळ्या बोंबाबोंबीचा उपयोग काय, हे मला पार्कगॅलरींनी सांगावं.

पार्कगॅलरी
उपयोग झाला ताई. इंग्लंडातल्या रेडिंग क्लबचं बघा. मालकाला पगार, कर वेळेवर देता येईनात, क्लबचे गुण वरचेवर कापले, जानेवारी २०२४ ला पोर्ट व्हेलच्या मॅचला लोक मैदानात उतरले ते उठलेच नाहीत, मॅच सोडून द्यावी लागली. विक्री मे २०२५ ला झाली, पण तोवर हा विषय संसदेत पोचला होता. त्या जुलैत इंग्लंडात फुटबॉलचा कायदाच झाला, स्वतंत्र नियामक. आता स्टेडियम विकायचं तर त्याची परवानगी, मालक कोण होणार त्याची तपासणी, आणि बिल्ला किंवा घरच्या जर्सीचा रंग बदलायचा तर चाहत्यांचं बहुमत पाहिजे. मालकी मालकाकडंच. मला तेवढं पुरेसं आहे, ५०+१ चा हट्ट सोडतो वाटल्यास.

हिशेबनीस
सोडलात ना? बरं. मग मी पण भाव पाडल्याचा मुद्दा सोडतो, ३०५ आकडा आहे, त्याला काय करणार. पण उद्या नियामकाच्या फायलीत सौदा दोन वर्षं पडून राहिला आणि पगार थकले तर ते कोण देणार? नियामक? पब्लिक वर्गणी काढणार?

गिरणीचा_पोरगा
पोर्ट्समथ क्लबच्या लोकांनी काढलीच की, २०१३ ला. क्लब बुडत होता तेव्हा स्वतः शेअर घेतले, कर्ज फेडलं, चौथ्या डिव्हिजनमधून वर आणला आणि २०१७ ला मतदान करून विकला. मतदान करून. खरं मतदान, मंगळवेढेकर.

मंगळवेढेकर
टोमणा कळला. पोर्ट्समथचं ठीक आहे. ते स्टेडियमच्या परवानगीचं पण ठीक आहे, आमच्या कारखान्याच्या जमिनीला तसली परवानगी लागली असती तर ती गोडाऊनसकट एका कागदावर गेली नसती. पण सभासदांच्या हातात द्या असं मी कधीच म्हणणार नाही, तेवढं लिहून ठेवा. आणि त्या म्हाताऱ्याला भाताच्या रांगेत बसवला त्याच्यावर कुणीच काही बोललं नाही अजून.