जुन्या संगणकावर कोरियन अक्षरं: टर्मिनल वापरणाऱ्यांचे अनुभव

जुन्या मशीनवरून कोरियन सर्व्हरला टर्मिनल (मजकुरातून आज्ञा देण्याची खिडकी) जोडायची वेळ ज्यांच्यावर आली, त्यांनी इथे लिहावं अशी विनंती. पुण्याभोवतीच्या कोरियन कारखान्यांत काम करणारे, तिकडे शिकून आलेले, जुने संगणक जपणारे हौशी, असे बरेच जण आपल्यात आहेत. स्क्रीनवर चौकटी दिसल्या की सगळे फॉन्टच्या नावाने खडे फोडतात. माझं मत असं, की लाइन (जोडणी), शेल (आज्ञा वाचणारा प्रोग्राम), टर्मिनल, फॉन्ट आणि की-बोर्ड यांतलं नेमकं कुठे बिनसलंय ते आधी शोधावं. फॉन्टचा नंबर बऱ्याचदा शेवटी लागतो. तुमचं कुठे अडलं होतं, ते सविस्तर सांगा.

नवख्यांसाठी थोडं आधीच. हंगुलमध्ये, म्हणजे कोरियन लिपीत, एका अक्षराला १९ आद्य व्यंजनं, २१ स्वर आणि अंती २७ पर्याय किंवा काहीच नाही, म्हणजे एकूण २८. गुणाकार केला की ११,१७२ अक्षरं होतात. १९८७ च्या केएस सी ५६०१ या प्रमाणकात त्यातली फक्त २,३५० घेतली होती. ईयूसी-केआर हे एन्कोडिंग (अक्षरं बाइटमध्ये लिहायची पद्धत) त्याच तक्त्यावर उभं आहे: एका अक्षराला दोन बाइट आणि दोन्हींचा आठवा बिट चालू.

रांजणगाव, यंत्रदेखभाल

आमचं चाचणीयंत्र कोरियातून आलेलं, त्याचा सर्व्हर ईयूसी-केआरमध्ये बोलतो. जोडलेला पीसी विंडोज एक्सपीचा. यंत्राचं सॉफ्टवेअर पुढच्या विंडोजवर चालत नाही, त्यामुळे पीसी बदलायचा प्रश्नच नाही. एक्सपीत पूर्व आशियाई भाषांच्या फाइली वेगळ्या चढवाव्या लागतात आणि त्यासाठी मूळ सीडी हाताशी लागते. जुन्या पीसीबरोबर ती सीडी जपून ठेवा, हे मी कळकळीने सांगतो.

पुटी या टर्मिनल प्रोग्राममध्ये ट्रान्सलेशनच्या पानावर 'यूज फॉन्ट एन्कोडिंग' निवडलं, फॉन्ट गुलिमछे घेतला आणि फॉन्टच्याच खिडकीत स्क्रिप्ट हंगुल केली. नुसता गुलिम घेऊ नका. त्याची अक्षरं कमीजास्त रुंदीची असतात आणि तक्ते वाकडेतिकडे होतात. गुलिमछे समान रुंदीचा आहे. पुढे सर्व्हर यूटीएफ-८ (युनिकोडचं एन्कोडिंग) वर गेला तर ट्रान्सलेशनमध्ये यूटीएफ-८ करायचं, बाकी काही हलवायचं नाही.

साध्या कमांड प्रॉम्प्टमध्ये कोरियन हवं असेल तर विंडोजची बिगर-युनिकोड प्रोग्रामांची भाषाच कोरियन करावी लागते. मग फाइलच्या पत्त्यातली उलटी तिरकी रेघ वॉनच्या चिन्हासारखी दिसू लागते. आमचे ऑपरेटर त्याने बिचकले होते. आतला कोड तोच असतो, कोरियन फॉन्टमध्ये त्या जागी वॉन काढलेला आहे इतकंच.

कोरियात देजॉनला संशोधन केलेला, नव्वदीच्या अखेरीस

आमच्या प्रयोगशाळेत सनची वर्कस्टेशन होती आणि त्यावर हानटर्म, म्हणजे कोरियन जाणणारं एक्सटर्म. तिथल्या तिथे सगळं सुरेख दिसायचं. बाहेरच्या एका जुन्या मशीनला टेलनेटने (दूरच्या संगणकाला जोडणाऱ्या प्रोग्रामने) जोडलं की मात्र कोरियनच्या जागी आकडे आणि विरामचिन्हं यायची. चौकटी नाहीत, प्रश्नचिन्हं नाहीत. वर्णमालेतलं पहिलं 'गा' दिसायचं शून्य आणि उद्गारचिन्ह असं, 'ना' दिसायचं तीन आणि तारका.

खूण तिथेच सापडते. वाटेत कुणीतरी आठवा बिट कापतंय. बाइटमधून तो गेला की उरतो तो साधा आस्की, म्हणजे इंग्रजी अक्षरांचा सात बिटांचा कोड. फॉन्ट बदलून हे जन्मात सुटणार नाही. 'एसटीटीवाय' या आज्ञेने लाइन आठ बिटांची केली, आठवा बिट कापण्याचा पर्याय बंद केला, टेलनेटला आठ बिटांचा मार्ग मागितला आणि अक्षरं जागेवर आली. ईमेलसाठी कोरियन लोकांनी याच कारणाने सात बिटांत बसणारी आयएसओ-२०२२-केआर पद्धत आणली होती. १९९३ चा आरएफसी १५५७ हा इंटरनेट-दस्तऐवज तिचाच.

त्याला जोडून, ठाण्याहून

बिट वाचले तरी बॅकस्पेस छळतो. शेल बाइट मोजतं, डोळे अक्षर मोजतात. एकदा दाबलं की अर्धं अक्षर जातं आणि पुढची सगळी ओळ बिघडते. जुन्या शेलवर दोनदा दाबायचं किंवा ओळच पुसून नव्याने लिहायची.

जुने पीसी जमवणारा, नाशिक

मी जुन्या ३८६ पीसीवर 'इयागी' चालवतो. हायटेल, चॉलियन यांसारख्या सेवांना ०१४१० फिरवून मोडेमने जोडायचं, त्या काळातलं हे कोरियन टर्मिनल सॉफ्टवेअर. इंग्रजी डॉसवरही ते कोरियन दाखवतं, कारण ते ग्राफिक्स मोडमध्ये अक्षरं स्वतः काढतं.

यातली कारागिरी मला फार आवडते. १६ बाय १६ ठिपक्यांचं एक अक्षर ३२ बाइटचं. सगळी ११,१७२ ठेवायची तर साडेतीन लाख बाइट लागतील, आणि डॉसकडे एकूण ६४० केबी. त्या काळचे कोरियन प्रोग्रामर मग सुटे भाग ठेवायचे: आद्य व्यंजनांचे आठ संच, स्वरांचे चार, अंत्य व्यंजनांचे चार. शेजारी कोण आहे ते पाहून योग्य संचातला तुकडा उचलायचा. असे साडेतीनशेच्या आसपास तुकडे, म्हणजे साधारण साडेअकरा हजार बाइट. जोहाब एन्कोडिंगही याच विचाराचं: १६ बिटांत एक खुणेचा आणि पाच-पाच-पाच तीन भागांना. त्यात सगळी अक्षरं बसतात. प्रमाणकाने आधी तयार अक्षरांचा तक्ता घेतला आणि हे मागे पडलं, याची मला मनापासून खंत वाटते.

पुणे, सीडॅकच्या जिस्ट कार्डवर काम केलेला

वरचं वाचून राहवलं नाही. डॉसवर देवनागरी दाखवण्यासाठी आम्ही जिस्ट कार्ड बसवायचो. भारतीय लिप्यांचं इस्की एन्कोडिंगही आठ बिटांचंच, त्यामुळे सात बिटांच्या लाइनवर मराठीचीही तीच गत. एका बाबतीत मात्र कोरियन सुखी आहे. हंगुलचं प्रत्येक अक्षर बरोबर दोन रकाने घेतं, टर्मिनलच्या जाळीत चपखल बसतं. आपलं 'क्ष्य' किती रकान्यांचं, यावर आजही टर्मिनलांचं एकमत नाही. कोरियन सुटलं म्हणून मराठी आपोआप सुटेल असं धरून चालू नका.

बंगळुरू, डेटा स्थलांतर

जुन्या लॉग फाइली आयकॉन्व्ह या एन्कोडिंग बदलणाऱ्या प्रोग्रामने यूटीएफ-८ करताना ईयूसी-केआर सांगितलं की मध्येच एखाद्या बाइटवर काम थांबतं. फाइल खराब आहे असं समजून ते बाइट पुसू नका. विंडोज ९५ पासून मायक्रोसॉफ्टने उरलेली ८,८२२ अक्षरंही सीपी९४९ या आपल्या विस्तारित एन्कोडिंगमध्ये भरली आणि विंडोजवर लिहिलेल्या मजकुरात ती येतात. मूळ एन्कोडिंग सीपी९४९ सांगा, गाडी पुढे जाते. मूळ फाइल मात्र तशीच राखा.

सुवॉनहून

माझं दुखणं वेगळं. जुन्या मॅकवरून सर्व्हरवर टाकलेल्या फाइलींची नावं टर्मिनलमध्ये सुट्या व्यंजन-स्वरांत दिसतात. एन्कोडिंग यूटीएफ-८, फॉन्ट ठीक, लाइन ठीक. मॅकची एचएफएस प्लस फाइलव्यवस्था नावं सुटी करून साठवते आणि सगळी टर्मिनलं ती पुन्हा जोडत नाहीत. 'कॉन्व्हएमव्ही' या प्रोग्रामला एनएफसीचा (युनिकोडचं जोडलेलं रूप) पर्याय देऊन नावं जुळवून घ्या. आधी त्याला नुसतं चालवा: तो काय बदलणार ते दाखवतो, 'नोटेस्ट' सांगितल्याशिवाय एकाही नावाला हात लावत नाही.