चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) अंगणात पॉवर स्वीपर कसा चालवायचा?

प्रश्न (फोंडा): गणपतीची चवथ तोंडावर आलीय आणि अंगणात माती नि फणसाच्या पानांचा थर बसलाय. भावाने रबरी पट्ट्यांचा रोलर असलेला, हातात धरायचा पेट्रोल स्वीपर दिला. काल चालू केला तर खडा उडाला आणि तुळशीपुढच्या कंदिलाची काच फुटली. शेजारची पोरं जवळच खेळत होती. अजून छातीत धडधडतंय. चुकलं कुठे?

उत्तर (डिचोली): ताई, आधी पोरांना लांब ठेवा, निदान 15 मीटर. आमच्या देवळाचं आवार मी असंच यंत्राने झाडतो. खडे, करवंटीचे तुकडे, तारा हातानेच वेचून घ्यायच्या, मग यंत्र. रोलर जमिनीला जेमतेम टेकवा. दाबलात की पट्ट्या झिजतात आणि यंत्र हिसका देतं. वेग कमी ठेवा, वारा पाठीशी घ्या. कचरा पुढे फेकला जातो, म्हणून तोंड मोकळ्या कुळागराकडे (माडा-पोफळीच्या बागेकडे) असू दे, घराकडे नको. चष्मा, कानांवर मफ, बूट हवेतच. रोलरला सुतळी गुंडाळली तर इंजिन बंद करून, स्पार्क प्लगची टोपी काढूनच हात घाला.

उत्तर (पेडणे): ओल्या शेवाळावर वापरू नका, पाय सटकतो. ऊन पडलं की तांबडी धूळ उडते, तेव्हा हलकं पाणी शिंपडा नि मास्क लावा. इंजिन थंड झाल्यावरच पेट्रोल भरा.

प्रश्नकर्ती: आज पोरांना आत बसवून, खडे वेचून झाडलं. एकही उडाला नाही. देव बरें करूं!