मदत हवी आहे: सातारा-कास-बामणोलीसाठी ग्रॅव्हल बाईकला कोणता टायर घालू?

नमस्कार मंडळी, मी साताऱ्याचा, माझी ग्रॅव्हल बाईक म्हणजे डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हीवर चालणारी सायकल, सध्या तिला ७००x३८ चे (३८ मिमी रुंद) ट्यूबलेस टायर वापरतोय, मधे गुळगुळीत आणि कडेला बारीक गोट्या असलेले. यवतेश्वर घाट चढताना डांबरावर एकदम झकास पळतात, पण गेल्या रविवारी चाळकेवाडीला पवनचक्क्यांच्या कच्च्या रस्त्याला घातली आणि जांभ्याच्या धारदार खड्यानं साइडवॉलच (टायरची बाजू) फाटली, छिद्र बुजवायला आत घातलेलं सीलंट फसफसत पांढरं बाहेर, छिद्र काही बुजेना. शेवटी आत ट्यूब टाकून आणि फाटलेल्या जागी बिस्किटाच्या पुड्याचा कागद दुमडून लावून कसाबसा ठोसेघरपर्यंत आलो, त्या कागदानं खरंच वाचवलं.

आता पाऊस उघडला की सातारा-कास-बामणोली, रात्री तिथंच मुक्काम आणि दुसऱ्या दिवशी परत असं ठरवलंय. माझ्या फ्रेममधे ४५ बसतो. तर ४५ चा गोट्यांचा घेऊ का ४० चा जाड साइडवॉलवाला? घाटात जड जाईल याची भीती वाटते. माझं वजन ७२, वर सामान ६ किलो, हवा किती पीएसआय ठेवू, मागं-पुढं फरक ठेवता का? या भागात जांभ्यावर नेहमी चालवणाऱ्यांनी प्लीज सांगा.